ठिकाण आणि वाट

डोंगरात हिंडणाऱ्या माणसापुढे नेहमी दोन प्रश्न असतात. ‘मी कोठे आहे?’ हा पहिला आणि ‘येथून पुढे कसे जावे?’ हा दुसरा. वरवर पाहता हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात, आणि शहरातल्या सडकांवर ते जवळजवळ एकच असतातही. डोंगरात मात्र ते निराळे आहेत. पहिल्याचे उत्तर ठिकाण हे आहे आणि दुसऱ्याचे वाट. मनुष्यजातीला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीपासून देता येत होते. पहिल्याचे बिनचूक उत्तर तिला अगदी परवा-परवा सापडले. आज प्रत्येक गिर्यारोहकाच्या खिशात असलेला स्मार्टफोन हे त्या उत्तराचे ताजे रूप होय. ह्या यंत्राचा इतिहास आम्ही येथे मांडणार आहो, तो केवळ यंत्राचे कौतुक करण्यासाठी नव्हे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर फार सोपे झाल्यामुळे दुसरा प्रश्न सुटलाच असे मानण्याकडे आमच्या तरुण मंडळींचा कल होत चालला आहे. हा समज कड्यावर जिवावर बेततो. म्हणून हा इतिहास नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

सह्याद्रीपासूनच प्रारंभ करू. नकाशा ही वस्तू येथे येण्यापूर्वी कितीतरी शतके घाटवाटा वाहत्या होत्या. जुन्नराहून कोकणात उतरणारा नाणेघाट सातवाहनांच्या काळी राजमार्ग होता आणि त्या राजकुळाचा लेख तेथील लेण्यात आजही उभा आहे. त्या वाटेने उतरणाऱ्या व्यापाऱ्याला आपले अक्षांश-रेखांश ठाऊक नव्हते, आणि त्यांवाचून त्याचे काही अडलेही नाही. वाट दगडात घडविलेली होती, आणि जेथे ती दगडात नव्हती तेथे ती माणसांच्या ध्यानात होती. कोणत्या नाळेने गुरे उतरतात, कोणता ओढा श्रावणात अडवितो, कोणत्या पदरात उन्हाळ्यातही पाणी मिळते, हे ज्ञान धनगर, महादेव कोळी, ठाकर ह्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. ते कोणी लिहून ठेविले नाही, चालून ठेविले.

ह्या ज्ञानाचे राजकीय मोल काय होते ते १६६१ सालच्या फेब्रुवारीत उंबरखिंडीत दिसले. कारतलबखानाची मोगली फौज घाट उतरून कोकणाकडे निघाली, ती एका दाट झाडीच्या चिंचोळ्या वाटेत शिरली, आणि दोन्ही अंगांनी दबा धरून बसलेल्या मराठ्यांच्या तावडीत सापडली. मागे फिरता येईना, पुढे सरता येईना. अखेर खंडणी देऊन आणि सामान टाकून खानाला सुटका करून घ्यावी लागली. खानाजवळ फौज होती, तोफा होत्या, हेतूही पक्का होता. नव्हते ते एवढेच, की ही वाट कोठे आवळते ह्याचे ज्ञान. ठिकाण आणि वाट ह्यांत काय अंतर असते, ते ह्या एका प्रसंगावरून उमगावे.

ठिकाणाचा हिशेब ह्या देशात शास्त्रशुद्ध रीतीने सुरू झाला तो १८०२ साली. त्या वर्षीच्या १० एप्रिलला विल्यम लँबटन ह्याने मद्रासजवळील सेंट थॉमस माउंटपाशी सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा पोलादी साखळीने मोजावयास घेतली. एक रेषा अचूक मोजावी, तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एका खुणेचे कोन घ्यावे, त्यांवरून त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने काढाव्या, आणि त्या बाजूंवर पुन्हा नवे त्रिकोण रचीत जावे, अशी ही पद्धत. कोन मोजण्याचे थिओडोलाइट यंत्र अर्ध्या टनाच्या घरात भरे. ते माणसांच्या खांद्यांवरून टेकड्यांच्या आणि देवळांच्या माथ्यावर चढविले जाई. लँबटनने हे काम वीस वर्षे रेटले, आणि २० जानेवारी १८२३ रोजी उत्तरेकडे चालला असतानाच आपल्या हिंगणघाटास त्याने देह ठेविला. त्याची कबर तेथेच आहे. विदर्भातील ह्या गावाचा हिंदुस्थानच्या नकाशाशी असा जिव्हाळ्याचा संबंध आहे, हे आमच्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

लँबटनमागून जॉर्ज एव्हरेस्ट आला. पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांशी ती किंचित चपटी आहे. तेव्हा नकाशा काढावयाचा तर आधी तिचा आकार ठरविला पाहिजे. एव्हरेस्टने १८३० साली ह्या देशातील मोजणीवरून तो आकार ठरविला आणि पुढे दीडशेहून अधिक वर्षे आमचे नकाशे त्याच पायावर काढले गेले. ही बाब आम्ही मुद्दाम सांगून ठेवीत आहो, कारण पुढे तिच्याशी पुन्हा गाठ पडावयाची आहे.

साखळी आणि थिओडोलाइट जेथे नेणे शक्य नव्हते तेथे माणूस स्वतःच यंत्र झाला. कुमाऊँतील नैनसिंग रावत ह्याला डेहराडूनच्या सर्वेक्षण खात्याने तयार केले आणि १८६५ साली तो यात्रेकरूच्या वेषात तिबेटच्या वाटेला लागला. तेहतीस इंचांचे एकसारखे पाऊल टाकण्याची सवय त्याला लावण्यात आली होती; अशी दोन हजार पावले म्हणजे सुमारे एक मैल. हातातील जपमाळेला १०८ ऐवजी १०० मणी होते, आणि शंभर पावलांमागे एक मणी सरके. टिपणे प्रार्थनाचक्रात दडविलेली असत. उकळत्या पाण्याचे तापमान पाहून उंची काढावयाची आणि ताऱ्यांवरून अक्षांश. १८६६ च्या जानेवारीत तो ल्हासाला पोहोचला आणि त्या नगरीचे नकाशावरील स्थान त्याने निश्चित केले. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की नैनसिंगाने ठिकाण शोधले ते वाट चालूनच. त्याच्या हिशेबात ह्या दोहोंची फारकत झालेली नव्हती.

छापील नकाशा हाती आला तरी ही फारकत पुरती होत नसे. कागदावर समोच्च रेषा असत, ओढे असत, गावांची नावे असत. परंतु ‘तुम्ही येथे आहात’ असे तो कागद कधी सांगत नसे. ते वाचणाऱ्याने शोधावयाचे असे. होकायंत्राने उत्तर धरावी, समोरचे दोन ओळखीचे सुळके पाहावे, त्यांच्या दिशा कागदावर उलट ओढाव्या, आणि त्या जेथे छेदतील तेथे आपण उभे आहो असे मानावे. म्हणजे आपले ठिकाण कळण्यासाठी आधी भोवतालचा मुलूख ओळखावा लागे. डोळे कागदावरून डोंगरावर आणि डोंगरावरून कागदावर शंभरदा जात, आणि ह्या येरझारांत वाटही मनात उमटत जाई.

आमच्याकडे दुसरी एक अडचण होती. सरहद्दीलगतच्या आणि समुद्रकिनाऱ्यालगतच्या पट्ट्यांचे तपशीलवार नकाशे संरक्षणाच्या कारणास्तव प्रतिबंधित असत, आणि कोकणच्या अंगाचा सह्याद्री त्या बंधनात सापडे. ज्या डोंगरात भटकावयाचे त्याचाच नकाशा मिळण्यासाठी अर्जविनंत्या कराव्या लागत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षण दलांची मालिका निराळी केली आणि जनतेसाठी खुली मालिका सुरू केली. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी नकाशे काढण्यावरील बहुतेक बंधने उठली. परंतु सरकारी कपाटाची किल्ली फिरेपर्यंत नकाशा आकाशमार्गाने लोकांच्या खिशात येऊन पोहोचलाही होता. तो कसा, ते आता पाहू.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ग्वायर आणि वाइफनबाख ह्या दोघा तरुण शास्त्रज्ञांनी त्याचा बीप-बीप असा संदेश ऐकण्यास सुरुवात केली. आगगाडी जवळ येताना तिची शिटी जशी चढी आणि दूर जाताना उतरती लागते, तसा ह्या संदेशाच्या कंपनसंख्येत चढउतार होत होता, आणि तेवढ्यावरून उपग्रहाची कक्षा काढता येते हे त्यांनी दाखविले. पुढील वर्षी त्यांचे वरिष्ठ मॅक्ल्युअर ह्यांनी प्रश्न उलटा करून विचारला: जमिनीवरचे ठिकाण ठाऊक असता उपग्रह सापडतो, तर उपग्रहाची कक्षा ठाऊक असता जमिनीवरचे ठिकाण सापडणार नाही काय? ह्या एका उलट्या प्रश्नातून पाणबुड्यांसाठी ‘ट्रान्झिट’ ही योजना निघाली, आणि उपग्रहांवरून ठिकाण काढण्याचा मार्ग मोकळा झाला. १९७८ साली जीपीएसचा पहिला उपग्रह उडाला.

ही व्यवस्था लष्कराने लष्करासाठी उभारली होती. १ सप्टेंबर १९८३ रोजी दक्षिण कोरियाचे एक प्रवासी विमान मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि ते पाडण्यात आले. २६९ माणसे प्राणांस मुकली. त्यानंतर अमेरिकेच्या अध्यक्षांनी ही यंत्रणा पुरी झाल्यावर नागरी उपयोगासाठी विनामूल्य खुली राहील असे जाहीर केले. १९९५ साली ती पूर्णत्वास गेली. तरीही नागरिकांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळे ठिकाण शंभरेक मीटरांनी हुकू शके. २ मे २००० ला ती भेसळ बंद झाली. २००८ च्या सुमारास ह्या संदेशांचा ग्राहक स्मार्टफोनमध्ये येऊन बसला, आणि लँबटनच्या अर्ध्या टनाचे काम नखाएवढ्या तुकड्यावर होऊ लागले.

ह्या यंत्रणेचे मर्म घड्याळात आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून प्रत्येक उपग्रह ‘आत्ता इतके वाजले, मी येथे आहे’ एवढेच सांगत असतो. संदेश येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर निघते. आणि फोनचे स्वतःचे घड्याळ तितके नेमके नसल्यामुळे तीन नव्हे तर चार उपग्रह दिसावे लागतात. एका सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाची चूक झाली तरी अंतर तीनशे मीटरांनी चुकते. आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताप्रमाणे उपग्रहांवरील घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांहून दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात, तीही दुरुस्ती आधीच केलेली असते. भारतानेही २०१३ ते २०१६ ह्या काळात सात उपग्रहांची स्वतःची मालिका सोडली आणि तिला ‘नाविक’ हे समर्पक नाव मिळाले. तीतील पहिल्या उपग्रहावरची अणुघड्याळे बिघडताच ठिकाण सांगण्याच्या कामी तो निरुपयोगी ठरला. घड्याळ थांबले की ठिकाण हरपले!

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘डोंगरात रेंज नाही, तेव्हा फोन निरुपयोगी’ असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः ठिकाण काढण्यासाठी फोनला मनोऱ्याची गरज नाही; तो उपग्रहांचे फक्त ऐकतो, त्यांच्याशी बोलत नाही. मनोरा लागतो तो नकाशाचे चित्र उतरवून घेण्यासाठी आणि मदतीची हाक देण्यासाठी. म्हणून नकाशा घरूनच फोनमध्ये साठवून न्यावा आणि डोंगरात फोनची मनोऱ्याशी चाललेली बोलणी बंद ठेवावी. कारण रेंज नसलेल्या मुलखात मनोरा धुंडाळण्यातच बॅटरीचा जीव जातो. मात्र फोनने ठिकाण दाखविले म्हणजे ते कोणा दुसऱ्याला कळलेच असे समजू नये. ते फक्त आपल्यालाच कळलेले असते.

ह्या यंत्राने केलेले उपकार आम्ही मुळीच कमी लेखीत नाही. आमच्या खेड्यांतून चकव्याची कल्पना फार जुनी आहे. रात्री-अपरात्री रानातून जाणारा माणूस कितीही चालला तरी पुन्हा त्याच झाडापाशी येतो, तेव्हा त्याला चकवा लागला असे म्हणतात. २००९ साली जर्मनीतील संशोधकांनी काही माणसांना सपाट अरण्यात सरळ चालावयास सांगून त्यांचा माग उपग्रहांवरून टिपला. सूर्य दिसत होता तोवर ती बरीच सरळ गेली. आभाळ भरलेले असता ती गोल गोल फिरत राहिली, आणि आपलाच माग आपण ओलांडला हे त्यांच्या ध्यानातही आले नाही. म्हणजे चकवा खरा आहे. फक्त तो रानात नसून आपल्या पायांत आहे. आषाढातल्या धुक्यात, हाताचा पंजा दिसत नाही अशा पठारावर, ह्या चकव्यावर फोनमधील निळा ठिपका हा रामबाण उतारा होय. मदतीस निघालेल्या बचाव पथकाला अडकलेल्याचे अक्षांश-रेखांश मिळणे म्हणजे अर्धी रात्र वाचणे होय.

मग आमची तक्रार कशाबद्दल? तर ठिपका सूक्ष्म असतो आणि त्याखालची जमीन ढोबळ असते, ह्याबद्दल. मोकळ्या आभाळाखाली फोन ठिकाण सांगतो ते सुमारे पाच मीटरांच्या आत. पण तो ठिपका ज्या चित्रावर उमटतो ते कसे झाले असते? सरकारी नकाशावर डोंगराळ भागात दोन समोच्च रेषांमधील अंतर सामान्यतः वीस मीटर असते. पंधरा मीटरांचा सरळ तुटलेला टप्पा दोन रेषांच्या मध्ये बेमालूम लपू शकतो. फोनमधील पुष्कळ नकाशांचे चढउतार २००० सालच्या फेब्रुवारीत अमेरिकन अवकाशयानाने रडारने केलेल्या मोजणीवरून घेतलेले असतात. त्यांत साधारण तीस मीटरांच्या चौकोनाला एक उंची असते. अशा जाळीतून सह्याद्रीचा उभा कडा गाळला की खाली पडतो तो नुसता उतार. शिवाय जुन्या नकाशाचे कागद कोणी फोनमध्ये चढविले, तर एव्हरेस्टची १८३० ची पृथ्वी आणि उपग्रहांची पृथ्वी एक नव्हे. जुळणी नीट केलेली नसेल तर आपल्याकडे शंभरेक मीटरांची तफावत पडते. शेतात शंभर मीटर म्हणजे दोन बांध; माचीच्या कडेला शंभर मीटर म्हणजे पठार आणि दरी.

नाळेत उतरल्यावर तर ठिपकाही डळमळतो. दोन्ही बाजूंना कातळ, वर आभाळाची एक चीर. उपग्रह थोडे दिसतात, आणि त्यांचे संदेश कड्यावर आपटून उशिरा येतात. फोन समजतो की उपग्रहच तितका दूर आहे, आणि ठिपका पलीकडच्या सोंडेवर उडी मारतो. ओल्या काचेवर बोट चालेनासे होते, ते निराळेच. जेथे यंत्राची गरज सर्वांत अधिक, नेमके तेथेच त्याचे बोल अडखळतात.

आणि ठिपका बिनचूक असला तरी वाट बिनचूक असते असे नाही. जुलै २०२१ मध्ये स्कॉटलंडमधील गिर्यारोहकांच्या संस्थांना जाहीर इशारा द्यावा लागला. ब्रिटनचे सर्वोच्च शिखर बेन नेव्हिस. त्याच्या माथ्याकडे जाण्यासाठी गूगलचा नकाशा गाड्यांच्या तळापासून जी तुटक रेषा दाखवीत होता, ती कसलेल्या गिर्यारोहकालाही अवघड जावी अशा कड्याकपारींवरून जात होती. नकाशाला शिखराचे ठिकाण ठाऊक होते, तळाचे ठिकाण ठाऊक होते. मधल्या दगडाशी त्याचा परिचय नव्हता. एकाने चालून टिपलेला माग दुसऱ्याने फोनमध्ये घेऊन जाण्यातही हाच धोका आहे. तो माग पौषातला असतो. आपण निघतो श्रावणात. पहिल्याने कोरड्या कातळावर पाय दिला, आपण शेवाळावर देतो. रेषा मात्र तीच असते.

ह्या सगळ्यात पणाला लागलेली गोष्ट केवळ एखाद्याचे हातपाय मोडण्याची नाही. कॅनडातील संशोधकांनी २०२० साली पन्नास वाहनचालकांची पाहणी प्रसिद्ध केली; आयुष्यात जीपीएसवर ज्यांनी अधिक विसंबून प्रवास केला त्यांची स्वतःच्या बुद्धीने वाट शोधण्याची स्मरणशक्ती मंद आढळली. पाहणी लहान आहे, परंतु तिचा रोख आमच्या अनुभवाशी जुळतो. आणि वैयक्तिक स्मरणाहून मोठे असे एक सामाजिक स्मरण आहे. पूर्वी गडाच्या पायथ्याच्या वाडीत थांबावेच लागे. ‘मामा, ही वाट वर जाते का?’ असे विचारावे लागे. आणि मामा वाट सांगत तेव्हा तिच्यासोबत नाळेचे नाव, टाक्याचे पाणी, गेल्या पावसात ढासळलेली दरड, आणि ‘आज जाऊ नका’ हा सल्ला, इतके सगळे सांगत. आता मोटार थेट पायथ्याला लागते आणि मंडळी फोनकडे पाहत चढू लागतात. विचारणारे संपले की सांगणारेही संपतात. वाटेचा तर धर्मच असा, की चार पावसाळे कोणी चालले नाही तर कारवी तिला गिळून टाकते. नावांचेही तसेच होते.

ह्यावर उपाय फोन फेकून देणे हा नव्हे. आम्ही क्रम सुचवितो तो असा. निघण्यापूर्वी कागदाचा नकाशा पसरून संपूर्ण डोंगर मनात उभा करावा. पायथ्याशी गावकऱ्याला विचारावे, आणि वाट अवघड असेल तर त्याला योग्य मोबदला देऊन सोबत न्यावे. चालताना डोळे डोंगरावर ठेवावे. आणि फोन काढावा तो साक्षीदार म्हणून, न्यायाधीश म्हणून नव्हे. डोळ्यांची आणि फोनची साक्ष जुळली नाही तर थांबावे, आणि मागची खात्रीची खूण जेथे दिसली होती तेथवर परतावे.

आणखी एक काम तरुणांना करता येण्याजोगे आहे. २००४ साली इंग्लंडात आरंभ झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप ह्या लोकांनी मिळून काढलेल्या नकाशात कोणालाही भर घालता येते. आमच्या नाळा, खिंडी, पाणवठे, देवराया ह्यांची नावे वाडीतल्या वृद्धांना विचारून, त्यांच्या संमतीने तेथे मराठीत लिहिता येतील. लँबटनच्या मागून आलेल्या मोजणीदारांनी गावांची नावे टिपली. नाळांची नावे टिपण्यास त्यांना सवड झाली नाही. ती आज सत्तरी ओलांडलेल्या माणसांपाशी आहेत. येत्या सुट्टीत गडावर जाणाऱ्या प्रत्येक मेळ्याने वाडीत तासभर बसून अशी दोन नावे जरी विचारून आणली, तरी त्या फोनने ठिकाणाबरोबर वाटेचीही सेवा केली असे म्हणता येईल.